एक तार, अनेक संदेश

"तार आली" एवढे दोनच शब्द दारांत ऐकूं आले म्हणजे पूर्वीं भल्याभल्यांच्या काळजाचा ठोका चुकत असे. सही करून कागद हातीं घ्यावयाचा, घरांतील इंग्रजी जाणणाऱ्या मनुष्यास हांक मारावयाची, आणि तो मजकूर उलगडून सांगेपर्यंत सर्वांनीं त्याच्या तोंडाकडे पाहत उभें राहावयाचें, हा प्रसंग ज्यानें अनुभवला नाहीं असें घर शहरांत विरळाच होतें. १८५४ सालीं कलकत्ता, आग्रा व मुंबई हीं शहरें तारेनें जोडलीं गेलीं. तेव्हांपासून २०१३ सालच्या जुलै महिन्यांत सरकारी तारसेवा बंद होईपर्यंत जन्म, मरण, नोकरी, परीक्षेचा निकाल आणि बाजारभाव यांच्या वार्ता याच मार्गानें येत राहिल्या. परंतु तो कागद हातीं घेणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांच्या मनांत एक साधा प्रश्न आला असेल. आगगाडीच्या खिडकींतून दिसणाऱ्या खांबांवर तारा असत मोजक्या. आणि एका मोठ्या शहराकडून दुसऱ्या मोठ्या शहराकडे जाणारे संदेश असत अगणित. मग इतक्या लोकांचें बोलणें एकाच तारेवरून, एकमेकांत न मिसळतां, जात होतें तरी कसें?

या प्रश्नाच्या उत्तरामागें शंभर वर्षांची खटपट आहे. तिच्यांत मोठमोठे शास्त्रज्ञ आहेत, धनाढ्य व्यापारी आहेत, कोर्टकचेऱ्या आहेत, एक खूनहि आहे. आणि या सर्वांच्या मध्यभागीं गांवच्या प्राथमिक शाळेपलीकडे शिक्षण न झालेला एक फ्रेंच तारबाबू उभा आहे.

विजेच्या साहाय्यानें दूरवर अक्षर पोंचवावें हें स्वप्न अठराव्या शतकांतलें. १७७४ सालीं जिनीव्हा येथील ल साज नांवाच्या विद्वानानें त्यासाठीं सर्वांत सरळ वाट धरली. वर्णमालेंत जितकीं अक्षरें तितक्या तारा. ज्या अक्षराच्या तारेंत वीज सोडावी तिच्या दुसऱ्या टोंकास टांगलेली हलकी गोळी हालावी, आणि पाहणाऱ्यानें तें अक्षर लिहून घ्यावें. १८०९ सालीं म्युनिक येथें सोमरिंग या वैद्यानें हीच कल्पना पुढें नेली. त्याच्या यंत्रास पस्तीस तारा होत्या व त्यांचीं टोंकें पाण्यांत बुडविलेलीं असत. ज्या तारेंतून प्रवाह येई तिच्या टोंकाशीं वायूचे बुडबुडे उठत, आणि ते पाहून अक्षर ओळखावयाचें. दोन्ही योजना बुद्धीला पटण्यासारख्या होत्या. खिशाला परवडण्यासारख्या मात्र नव्हत्या. एका दालनांतून दुसऱ्या दालनांत पस्तीस तारा नेतां येतात. एका शहरांतून दुसऱ्या शहरांत त्या नेऊं लागल्यास राजाचा खजिनाहि रिता व्हावयाचा.

१८३७ सालीं इंग्लंडांत कुक व व्हीटस्टन या दोघांनीं तारांची संख्या एकदम पांचावर आणली. त्यांच्या यंत्रांत पांच सुया होत्या. त्यांपैकीं कोणत्याहि दोन एकदम कलल्या म्हणजे त्यांचे रोख जेथें एकमेकांस छेदीत तेथलें अक्षर वाचावयाचें. अशीं अक्षरें वीसच बसत. म्हणून इंग्रजी वर्णमालेंतील सी, जे, क्यू, यू, एक्स आणि झेड या सहा अक्षरांस या यंत्रांत थाराच मिळाला नाहीं! १८३९ सालीं लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकापासून वेस्ट ड्रेटनपर्यंत, तेरा मैल, ही तार चालूं झाली. परंतु पांच तारांपैकीं एखादी बिघडली कीं सगळाच व्यवहार अडे. तेव्हां त्याच कल्पकांनीं पुढें सुया कमी करीत करीत अखेर एकीवर आणल्या.

एका तारेवर काम भागतें हें तत्पूर्वींच जर्मनींत सिद्ध झालें होतें. १८३३ सालीं गटिंगेन येथें गणिती गाउस व पदार्थवैज्ञानिक वेबर यांनीं आपल्या दोन कार्यशाळांमध्यें एकच विद्युन्मंडल बांधलें, आणि सुई डावीकडे कलते कीं उजवीकडे, व कोणत्या क्रमानें कलते, यावरून अक्षरें ठरविलीं. २४ मे १८४४ रोजीं अमेरिकेंत मोर्स यानें वॉशिंग्टन व बाल्टिमोर या शहरांमध्यें आपल्या बिंदु-रेषांच्या लिपीनें संदेश पाठविला, आणि ती लिपि जगभर पसरली. तारकचेरीच्या खिडकीशीं उभ्या राहणाऱ्याला ऐकूं येणारें 'कडकट्ट, कडकट्ट' तें हेंच. या सर्व शोधांतलें मर्म एकच होतें. पूर्वीं निरनिराळ्या तारा म्हणजे निरनिराळ्या जागा अक्षरांचा भेद दाखवीत. आतां तोच भेद एका तारेवर एकामागून एक येणाऱ्या खुणांनीं दाखविला जाऊं लागला. जागेची उणीव काळानें भरून काढली.

पण एक अडचण सुटली तों दुसरी पुढें उभी राहिली. एका तारेवर एका वेळीं एकच संदेश जाणार. व्यापार वाढला, वर्तमानपत्रें वाढलीं, आगगाड्या वाढल्या, आणि संदेशांची रीघ लागली. नवी तार घालावी तर शेंकडों मैल खांब, लोखंड, तांबें आणि राखणदार यांचा खर्च. समुद्रांतून तार घालावयाची म्हणजे तर त्याहून किती तरी पट खर्च. अशा स्थितींत जी तार आहे तिच्यावरूनच अधिक संदेश कसे नेतां येतील, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत प्रत्येक तारखात्याच्या जिवाभावाचा झाला. जो तो सोडवील त्यानें तार न घालतांच नवी तार घातल्यासारखें होणार होतें.

पहिला उपाय असा कीं, दोन्ही टोंकांनीं एकाच वेळीं बोलावें. यांतील अडचण उघड आहे. जो पाठवितो त्याच्या स्वतःच्या प्रवाहानें त्याचेंच यंत्र वाजूं लागेल, आणि समोरचा काय म्हणतो हें त्याला ऐकूंच येणार नाहीं. १८५३ सालीं ऑस्ट्रियांतील गिंटल यानें ही वाट धरली, व पुढें इतरांनीं अशी युक्ति योजिली कीं, निघणाऱ्या प्रवाहाचे दोन सारखे भाग करून ते आपल्या यंत्राभोंवतीं उलटसुलट फिरवावे. तराजूच्या दोन्ही पारड्यांत सारखें वजन पडल्यावर दांडी जशी हालत नाहीं, तसें आपलें यंत्र आपल्या प्रवाहानें हालत नाहीं. समोरून येणाऱ्या प्रवाहानें मात्र तोल बिघडतो व तें बोलूं लागतें. बॉस्टनच्या स्टर्न्स यानें १८७२ च्या सुमारास या योजनेंतील शेवटचा दोष काढला आणि ती व्यवहारांत आणली. १८७४ सालीं एडिसननें तिच्यावर कळस चढविला. एक संदेश त्यानें प्रवाहाच्या दिशेवर बसविला व दुसरा प्रवाहाच्या कमीअधिक जोरावर. दोन्ही टोंकांकडून मिळून एका तारेवर चार संदेश जाऊं लागले. या शोधाचे हक्क जे गूल्ड या धनिकानें तीस हजार डॉलरांस घेतले, आणि त्यावरून अमेरिकेंतील तारकंपन्यांमध्यें दीर्घकाळ दावे चालले.

दुसरा उपाय स्वरांचा. एकाच खोलींत सतार आणि बांसरी एकदम वाजत असली तरी जाणत्या कानाला दोन्ही वेगवेगळ्या ऐकूं येतात. त्याप्रमाणें प्रत्येक संदेशास एक स्वर देऊन सर्व स्वर एका तारेंत सोडावे, आणि दुसऱ्या टोंकाला आपापल्या स्वराला जुळविलेल्या पट्ट्यांनीं ते वेगळे करावे. अमेरिकेंत ग्रे आणि बेल हे दोघे या नादीं लागले होते. २ जून १८७५ रोजीं बेलच्या प्रयोगांत एक पट्टी अडकली. ती सोडविण्याकरितां त्याच्या साहाय्यकानें तिला टिचकी मारली, आणि दुसऱ्या खोलींत बेलच्या कानीं तिचा आवाज स्पष्ट आला. त्यांतून निघाला टेलिफोन. ७ मार्च १८७६ रोजीं बेलला मिळालेल्या त्या सुप्रसिद्ध हक्कपत्राचें शीर्षक 'तारविद्येंतील सुधारणा' असेंच होतें. एका तारेवर अनेक संदेश बसविण्याच्या खटपटीनें मनुष्याला त्याचा आवाजच दूर नेण्याचें साधन मिळवून दिलें.

तिसरा उपाय सर्वांत साधा, आणि पुढें सर्वांत दूर पोंचलेला. तो म्हणजे पाळीचा. श्रोत्यांनीं क्षणभर एक पंगत डोळ्यांपुढें आणावी. पानें मांडलेलीं आहेत, वाढपी एकच आहे. तो पहिल्या पानावर एक पळी वाढतो, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. आणि शेवटच्या पानावर वाढून परत फिरेपर्यंत पहिल्याचा घास नुकता संपत आलेला असतो. वाढपी चपळ असला तर पंगतींतील प्रत्येकाला तो आपल्याच दिमतीला आहे असें वाटतें. तारेचेंहि तसेंच आहे. मनुष्याचा हात किती झाला तरी मंद. तार त्याहून कितीतरी चपळ. एका तारबाबूचे एक अक्षर व दुसरें अक्षर यांमध्यें जो रिकामा वेळ जातो त्यांत दुसऱ्या तिघाचौघांचीं अक्षरें सहज बसूं शकतात. बॉस्टनच्या मोझेस फार्मर यानें १८५३ च्या सुमारास हें करून पाहिलें होतें. फ्रान्समध्यें मेयेर यानें १८७२ च्या सुमारास एक फिरता वांटप करणारा भाग, म्हणजे एका अर्थीं तो वाढपीच, यंत्रांत बसविला. परंतु त्यानें मोर्सची लिपि तशीच ठेविली. तिच्यांत कोठें एका खुणेचें अक्षर तर कोठें चार खुणांचें. एका पानावर एक भात तर दुसऱ्यावर चार पदार्थ असल्यावर वाढप्याची चाल सारखी कशी राहावी?

ही गांठ ज्यानें सोडविली तो एमिल बोदो. ११ सप्टेंबर १८४५ रोजीं फ्रान्सच्या ओत-मार्न प्रांतांतील मान्यो या खेड्यांत एका शेतकऱ्याच्या घरीं त्याचा जन्म झाला. शिक्षण गांवच्या प्राथमिक शाळेंत झालें तेवढेंच. वडिलांच्या शेतांत राबून १८६९ सालीं, चोविसाव्या वर्षीं, तो तारखात्यांत उमेदवार म्हणून लागला. खात्यानें त्याला मोर्सचें यंत्र शिकविलें, आणि मग चार महिने ह्यूज याच्या छापणाऱ्या यंत्राच्या शिक्षणासाठीं धाडलें. या यंत्रास पियानोसारख्या अठ्ठावीस पट्ट्या असत. आंत अक्षरांचें चाक फिरत असे, आणि दाबलेल्या पट्टीचें अक्षर नेमकें कागदासमोर आलें कीं एक झटका तारेंतून जाऊन तें उमटे. दुसऱ्या उमेदवारांनीं तें यंत्र चालवावयास शिकून घेतलें. बोदोच्या लक्षांत मात्र दुसरीच गोष्ट आली. एका अक्षरासाठीं तारेंतून एकच झटका जातो, आणि चाकाच्या बाकीच्या फेऱ्याभर तार रिकामी पडून असते. १८७० चें जर्मनीशीं झालेलें युद्ध मध्यें आलें. त्यांत थोडा काळ काम करून तो पॅरिसला परतला, आणि कचेरीचें काम सांभाळून उरलेल्या वेळांत या रिकाम्या तारेच्या मागें लागला.

त्यानें पहिली गोष्ट केली ती अक्षरांची. प्रत्येक अक्षर पांचच खुणांचें, आणि प्रत्येक खूण दोनच प्रकारची, प्रवाह या दिशेचा किंवा त्या दिशेचा. वृत्तें घोटलेल्या मराठी वाचकाला यांतील गणित नवें वाटूं नये. एक अक्षर लघु किंवा गुरु, म्हणून तीन अक्षरांचे गण आठ होतात. चार अक्षरें घेतलीं तर प्रकार सोळा, आणि पांच घेतलीं तर बत्तीस. पिंगलाच्या छंदःशास्त्रांतील प्रस्तार याच पायावर उभा आहे. इंग्लंडांत बेकननेंहि १६२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या गुप्त लिपींत दोनच खुणांच्या पांच जागांनीं सर्व वर्णमाला लिहून दाखविली होती. बत्तिसांत रोमन वर्णमाला आरामांत बसते. अंक व विरामचिन्हें यांसाठीं बोदोनें अशी सोय केली कीं, एक विशिष्ट खूण आली कीं यंत्रानें अक्षरें सोडून अंक छापावयास लागावें, आणि दुसरी आली कीं पुनः अक्षरांवर यावें. याप्रमाणें लहानमोठीं सर्व अक्षरें एकाच मापाचीं झालीं. आतां प्रत्येक पानावर पांचच पळ्या. वाढप्याची चाल सारखी झाली.

दुसरी गोष्ट मंडलाची. प्रत्येक तारबाबूपुढें पांच पट्ट्या, उजव्या हाताच्या तीन बोटांसाठीं तीन आणि डाव्या हाताच्या दोन बोटांसाठीं दोन. स्वर सगळे उजव्याच हातानें वाजत; व्यंजनांसाठीं डाव्या हाताची जोड द्यावी लागे. या पांच पट्ट्यांपासून निघालेल्या पांच तारा एका गोल तबकडीच्या कडेवर ओळीनें बसविलेल्या पांच धातूच्या तुकड्यांपर्यंत जात. शेजारचे पांच तुकडे दुसऱ्या तारबाबूचे, त्यापुढचे तिसऱ्याचे, मग चौथ्याचे. तबकडीवर एक धातूचा कुंचला गरगर फिरत असे, आणि त्या कुंचल्याला जोडलेली असे ती लांबची एकुलती एक तार. कुंचला ज्या तुकड्यावरून जाई त्या क्षणापुरती ती तार त्या एका पट्टीच्या मालकीची होई. पट्टी दाबलेली असेल तर एका दिशेचा प्रवाह जाई, नसेल तर उलट दिशेचा. वीस पट्ट्यांचें म्हणणें एका तोंडानें बोललें जाई.

या यंत्राचें मान असें कीं, कुंचला मिनिटाला सुमारें १८० फेरे घेई, म्हणजे सेकंदास तीन. चार बाबूंच्या यंत्रास चोवीस तुकडे असत. वीस पट्ट्यांचे आणि चार यंत्राच्या स्वतःच्या कामासाठीं. म्हणजे एका तुकड्याच्या वांट्यास सेकंदाचा बहात्तरावा भाग येई. प्रत्येक फेऱ्यास प्रत्येक बाबूचें एक अक्षर जाई. मिनिटास १८० अक्षरें, म्हणजे सुमारें तीस शब्द. चौघांचे मिळून एकशेंवीस शब्द, आणि दोन्ही टोंकांनीं एकदम बोलण्याची जुनी युक्ति जोडली तर त्याच्या दुप्पट.

पलीकडच्या टोंकाला तशीच तबकडी, तसाच कुंचला. तेथें आलेल्या पांच खुणा पांच विद्युच्चुंबक धरून ठेवीत. त्यांवरून यंत्राचा एक जुळणी करणारा भाग बत्तिसांतून एक अक्षर निवडी आणि तें कागदाच्या लांब फितीवर छापी. हीच फीत कापून व कागदावर चिकटवून तार घरोघर जाई.

परंतु या सर्व रचनेचा जीव एका गोष्टींत होता. शेंकडों मैलांच्या अंतरावरचे दोन कुंचले एकाच क्षणीं एकाच तुकड्यावर असले पाहिजेत. एक जरी किंचित मागें पडला तरी पहिल्याची तार दुसऱ्याच्या फितीवर जाईल. मुलगा झाला म्हणून धाडलेली वार्ता कापसाच्या भावांत मिसळेल. आणि जगांतील कोणतींहि दोन घड्याळें एकमेकांशीं अगदीं बरोबर चालत नाहींत. बोदोनें हा दोष नाहींसा करण्याच्या भरीस न पडतां त्याच्याशीं समजूत केली. घेणाऱ्या टोंकाचा कुंचला त्यानें मुद्दामच किंचित जलद ठेविला. प्रत्येक फेऱ्यांत पाठविणाऱ्या टोंकाहून एक दुरुस्तीची खूण येई. घेणारा कुंचला पुढें गेलेला आढळला कीं तिच्या योगें त्याला तितकेंच मागें खेंचलें जाई. घड्याळ बिनचूक करण्यापेक्षां तें वारंवार लावून घेणें सोपें, हा शहाणपणा त्यांत होता. चोवीस तुकड्यांपैकीं जे चार संदेशाच्या कामाचे नव्हते त्यांचा उपयोग अशा कामीं होई.

या यंत्रानें तारबाबूच्या आयुष्याला एक नवा ताल लावला. मोर्सच्या यंत्रावर बाबू आपल्या गतीनें वाजवी. थांबावेंसें वाटलें तर थांबे. बोदोच्या यंत्रावर गति यंत्राची. कुंचला आपल्या भागावरून जाऊन पट्ट्या मोकळ्या झाल्या कीं एक टकटक ऐकूं येई. ती ऐकतांच पुढचें अक्षर पांचहि पट्ट्यांवर एकदम धरावयाचें, पुनः टकटक, पुनः अक्षर. तबलजीनें समेवर यावें तसें सेकंदाला तीनदां यावयाचें, आणि असें तासन्‌तास. घाई करून भागत नसे, आळस करून तर नसेच. जगांतील शेंकडों माणसांनीं ही विद्या हस्तगत केली, आणि त्यांच्या बोटांच्या बळावर हें यंत्र चाललें, ही गोष्ट यंत्राच्या कल्पकाचें कौतुक करतांना विसरूं नये.

१७ जून १८७४ रोजीं बोदोनें या शोधाचें हक्कपत्र घेतलें. १२ नोव्हेंबर १८७७ रोजीं पॅरिस ते बोर्दो या मार्गावर त्याची चांचणी झाली, आणि १८७८ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनांत त्याला सुवर्णपदक मिळालें. येथवर ही गोष्ट सुखाची आहे. पण तिला दुसरी बाजू आहे.

त्याच १८७४ सालीं, त्याच खात्यांतील, लुई व्हिक्तोर मिमो नांवाच्या दुसऱ्या एका तारबाबूनेंहि पांच खुणांच्या यंत्राचें हक्कपत्र घेतलें होतें. त्याच्या मूळ यंत्रांत पांच खुणांना पांच वेगळ्या तारा लागत. खात्यानें तें नाकारलें. मग त्यानें मेयेरच्या फिरत्या भागाची जोड देऊन तें एका तारेवर आणलें. परंतु तोंवर बोदोचें हक्कपत्र थोड्याच आठवड्यांपूर्वीं दाखल झालेलें होतें. मिमोनें १८७७ सालीं बोदोवर दावा लावला. न्यायालयानें खात्याशीं संबंध नसलेल्या तिघा तज्ज्ञांचें मत घेतलें, आणि प्रथम निकाल दिला तो मिमोच्या बाजूनें. पांच खुणांची कल्पना आधीं मिमोची, बोदोची ती सुधारणा, असा त्याचा आशय होता. निकालानें दोघांपैकीं कोणाचेंच समाधान झालें नाहीं. पुढें तो रद्द झाला, आणि सर्व खर्च मिमोच्या माथीं बसला. या आघातानें त्या माणसाचें चित्त ठिकाणावर राहिलें नाहीं. त्यानें एक लाख फ्रँक, आपल्या हक्कपत्रांची मुदतवाढ आणि सरकारी सन्मान यांची मागणी केली. ज्या समितीनें ती नाकारली तिचा प्रमुख जूल रेनो हा खात्यांतील संशोधनाचा अधिकारी होता. १८८८ सालीं मिमोनें त्याला गोळी घालून ठार केलें, आणि सक्तमजुरी व हद्दपारीची शिक्षा भोगण्यास तो गेला.

कोणाचें खरें, हें आज सांगावयाचें तर असें म्हणावें लागतें कीं, पांच खुणांची कल्पना त्या काळीं हवेंतच होती. बेकन, गाउस, ह्यूज, मेयेर यांच्या मागून येणाऱ्या कोणाहि चतुर माणसाच्या ती हातीं लागण्यासारखी होती, आणि दोघांच्या हातीं ती एकदमच लागली. परंतु कल्पना सुचणें निराळें, आणि ती पावसापाण्यांत, जुनाट तारांवर, थकलेल्या माणसांच्या हातून, रात्रंदिवस चालती ठेवणें निराळें. बोदोचें श्रेष्ठत्व या दुसऱ्या कामांत आहे. रेनोसारख्या निरपराध मनुष्याचा जीव घेणाऱ्याचें समर्थन कोणी करणार नाहीं; तरी मिमोचें नांव या इतिहासांतून अजीबात पुसून टाकणें हेंहि न्यायाचें होणार नाहीं.

जिंकलेल्याच्या पदरीं तरी काय पडलें? बोदोला खात्याकडून मदत फारच थोडी मिळाली. प्रयोगांचा खर्च बऱ्याच वेळां त्याला पदरचा करावा लागला. इतका कीं, १८८० सालीं त्यानें प्रदर्शनांतलें तें सुवर्णपदक विकून टाकलें. त्याच वर्षीं खात्यांत त्याला बढती मिळाली आणि १८८२ सालीं तो अभियंता झाला. २७ एप्रिल १८९४ रोजीं त्यानें पॅरिस आणि मिलान या दोन शहरांचे रोखेबाजार एका तारेनें जोडून दिले. त्याचें यंत्र इटली, हॉलंड, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, ब्राझील या देशांत गेलें. १८९७ सालीं इंग्लंडच्या टपालखात्यानें तें पॅरिसच्या मार्गावर घेतलें. आणि विसाव्या शतकांत हिंदुस्थानांतील मोठ्या तारकचेऱ्यांतहि त्याची टकटक ऐकूं येऊं लागली. प्रकृति त्याची कधींच धड नव्हती. २८ मार्च १९०३ रोजीं, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीं, पॅरिसनजीक सो या गांवीं त्याचें निधन झालें.

पुढची कथा थोडक्यांत सांगण्यासारखी आहे. न्यूझीलंडच्या डोनल्ड मरे यानें १९०१ च्या सुमारास बोदोच्या पांच खुणा टंकलेखन यंत्राशीं जोडल्या. ताल सांभाळण्याचें काम माणसाकडून काढून भोंकें पाडलेल्या फितीकडे दिलें, आणि वारंवार येणाऱ्या अक्षरांना कमी भोंकें पडावीं अशी वांटणी केली. दूरमुद्रक यंत्रें याच वंशांतलीं. खुणांचा वेग मोजण्याच्या मापाला बोदोच्या नांवावरून 'बॉड' हें नांव मिळालें. सेकंदास एक खूण म्हणजे एक बॉड, आणि त्या मापानें चौघांच्या त्या जुन्या यंत्राचा वेग बहात्तर भरतो.

परंतु त्याचा खरा वारसा आणखी पुढें दिसतो. १९३७ सालीं अ‍ॅलेक रीव्हज या इंग्रज अभियंत्यानें, त्या वेळीं तो पॅरिसमध्येंच काम करीत होता, असा विचार मांडला कीं, मनुष्याच्या बोलण्याचेंहि क्षणाक्षणाला माप घेऊन तें दोनच प्रकारच्या खुणांत लिहितां येईल. १९६२ सालीं अमेरिकेंत ही गोष्ट व्यवहारांत आली. तारांच्या दोन जोड्यांवर चोवीस संभाषणें पाळीपाळीनें जाऊं लागलीं. प्रत्येकाचें माप सेकंदाला आठ हजार वेळां घ्यावयाचें. चोवीस जणांच्या प्रत्येकीं आठ खुणा, म्हणजे एका फेऱ्यांत एकशें ब्याण्णव. आणि त्यांत आणखी एक, एकशें त्र्याण्णवावी. ही शेवटची खूण कोणाच्याहि बोलण्याची नाहीं. ती आहे दोन्ही टोंकांनीं फेरा कोठून सुरू झाला हें ओळखावें म्हणून. बोदोच्या तबकडीवरचे ते चार जादा तुकडे जें काम करीत तेंच ही खूण करते. कुंचला गेला, तबकडी गेली, टकटक गेली. वांटणी, पाळी आणि एकमेकांची वेळ जुळवून घेण्याची खूण मात्र तशीच राहिली.

आज घराघरांत एका बारीक धाग्यावरून एकाच वेळीं कोणी परदेशीं गेलेल्या मुलाशीं बोलत असतो, कोणी गाणें ऐकत असतो, कोणी बाजारभाव पाहत असतो. कोणालाहि दुसऱ्याची चाहूल लागत नाहीं. प्रत्येकास वाटतें, मार्ग आपल्या एकट्याचाच आहे. तसें वाटावें म्हणून एका शेतकऱ्याच्या मुलानें कचेरी सुटल्यावर दिवे लावून काम केलें, पदक विकलें आणि आयुष्य वेंचलें. दुसरा एक त्याच वाटेवर मागें पडून स्वतः नाश पावला आणि जातां जातां एका भल्या माणसास घेऊन गेला. पंगतींत सर्वांना वेळेवर अन्न मिळतें तें पानावर बसणाऱ्यांच्या भुकेमुळें नव्हे. वाढप्याची चाल चुकत नाहीं आणि प्रत्येकजण आपली पाळी येईतों थांबतो, म्हणून मिळतें. बोदोच्या तारेनें जगाला जें शिकविलें तें याहून फारसें निराळें नाहीं.